आधी फूल की आधी प्रभू? टिळकांच्या निमित्ताने एक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे नगर जिल्ह्यातले तरुण प्राथमिक शिक्षक आहेत, घर ख्रिस्ती, लिहिण्याचा विषय बहुतेक वेळा निसर्ग. कॉलेजातले मित्र कविता ऐकून म्हणतात, ‘शेवटी प्रवचन झालं.’ मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, वडीलधारे तीच कविता ऐकून म्हणतात, ‘छान आहे, पण यात प्रभू कुठे आहे?’ ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना हे दोन्ही कसं साधलं आणि आपण आता काय करावं, असं त्यांनी विचारलंय. सोबत कडुलिंबावरची एक कविता जोडलीय.

सलाम. तुमचं पत्र वाचून हसू आलं, कारण ही दोन्ही वाक्यं मीही ऐकली आहेत आणि एकाच आठवड्यात ऐकली आहेत. मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यातली वीस-बावीस वर्षं मंडळीच्या मासिकाची प्रुफं तपासली. हंगामाच्या सणाच्या अंकाला दरवर्षी तीस-चाळीस कविता यायच्या. त्यातल्या निम्म्यांत ‘फुला, तुला हा रंग कुणी दिला?’ असा सवाल आणि शेवटच्या ओळीत त्याचं उत्तर. मी एक खोडसाळ चाचणी करून पाहायचो. कवितेतल्या गुलाबाच्या जागी जास्वंद घालायची. कवितेला काही होतंय का? बहुतेक वेळा काहीच व्हायचं नाही. मात्रा जुळल्या की झालं. कवीने गुलाब पाहिलेलाच नसायचा, त्याला शेवटच्या ओळीपर्यंत जायला एक शिडी हवी होती एवढंच.

टिळकांचं वेगळेपण इथेच आहे. त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून आपण इतकं गुळगुळीत करून टाकलंय की हा माणूस किती बारकाईने पाहायचा हे विसरायलाच होतं. ‘केवढे हे क्रौर्य!’ तुम्ही शाळेत पाठ केली असेल. मी ती वर्षानुवर्षं वर्गात शिकवली. पुन्हा एकदा काढून वाचा, पण या वेळी परीक्षा डोक्यात न ठेवता.

‘क्षणोक्षणि पडे, उठे परि बळें, उडे बापडी’. ही पहिलीच ओळ मोठ्याने म्हणा. पृथ्वी वृत्त आहे. त्या वृत्तात लघू अक्षरं मध्येच घोळक्याने येतात आणि एखाद्या गुरूवर आपटतात. पडे, उठे, उडे. जखमी पाखराची धडपड त्या चालीतच बसवलेली आहे, वेगळी सांगावी लागत नाही. मग ती पक्षिणी घरट्यात परत येते, पिलांना शेवटचा घास देते. आणि मग टिळक एक गोष्ट पाहतात जी माझ्या मते दुसऱ्या कोणी पाहिली नसती: आपल्या रक्ताने पिलांचं अंथरूण भिजू नये म्हणून ती मरायला झाडाखाली जमिनीवर येते. इथे माझ्या वर्गातली आईविना वाढलेली पोरं मान खाली घालायची. मी कधी त्यावर प्रश्न विचारला नाही.

आता तुमच्या मंडळीतल्या वडिलांचा सवाल: प्रभू कुठे आहे? आहे ना. पण तो कवीच्या तोंडी नाही. पक्षिणी पिलांना घास भरवताना म्हणते की यापुढे तुम्हा अनाथांना प्रभू पिता सांभाळो. मरणारी आई दुसरं काय म्हणणार! आपल्या घरातली कुठलीही आजी हेच म्हणाली असती. म्हणून ते खटकत नाही. माणसाच्या शौर्यावर टिळक चांगले कोरडे ओढतात, ते कबूल. पण कविता तिथे संपत नाही. शेवटच्या कडव्यात एकदम वृत्त बदलतं. पृथ्वी सुटते, वसंततिलका येते, सगळी धावपळ थांबते, आणि दिसतात ते मातीत पसरलेले पंख, वर आलेलं पांढुरकं पोट, उघडी चोच, लांबवलेले पाय. तिथे बोध नाही, प्रार्थना नाही, टिळकसुद्धा नाहीत. फक्त पडलेलं पाखरू.

मला ती पक्षिणी वाचताना प्रत्येक वेळी मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या दमडीला दोन मिळणाऱ्या चिमण्या आठवतात. त्यातली एकही पित्याच्या आज्ञेवाचून भूमीवर पडणार नाही, असं ते वचन आहे. टिळकांच्या मनात ते होतं की नाही, मी सांगू शकत नाही. हा माझा कान आहे. पण ज्याच्या कानात वचन आहे त्याला ते ऐकू येतं आणि ज्याच्या नाही त्याचं काही अडत नाही, हे या कवितेचं सामर्थ्य आहे. तुमचे दोन्ही प्रकारचे वाचक तिच्यापाशी उभे राहू शकतात.

हे पाहणं आलं कुठून? टिळकांचं आयुष्य थोडं क्रमाने सांगतो, कारण तुमच्या पत्रात एक गैरसमज दिसतो. तुम्ही लिहिलंय, ‘त्यांना विश्वासातून प्रेरणा मिळाली’. ते खरं आहे, पण तो विश्वास आपल्यासारखा पाळण्यात मिळालेला नव्हता.

जन्म ६ डिसेंबर १८६१, दापोलीकडच्या करजगावचा, चित्पावन घरातला. आईला काव्याची आवड, वडील कडक. आई लवकर गेली. पुढे नाशिकला संस्कृताचा अभ्यास. काव्यशास्त्र, वृत्तं, अलंकार हे सगळं तिथलं. नागपुरात श्रीमंत आश्रयदात्यांकडे साहित्याचं काम केलं, ‘ऋषि’ नावाचं मासिक चालवलं. म्हणजे कवी टिळक आधीच तयार होते. १८९३च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या मिशनऱ्याशी गप्पा झाल्या. त्याने नवा करार हातात दिला आणि वर सांगितलं की तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते तेव्हा हास्यास्पदच वाटलं असणार. पण पुस्तक वाचायचं कबूल केलं होतं म्हणून वाचायला बसले, आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा झाला. मिशनऱ्याचं भाकीत जवळपास खरं ठरलं.

यातला डोंगरावरील प्रवचनाचा भाग तुम्ही नीट ध्यानात घ्या. तिथे निसर्गाविषयी आज्ञा काय आहे? आपल्या पवित्र शास्त्रातला शब्दच पाहा: ‘आकाशातील पाखरांकडे निरखून पाहा’. पुढे रानातली भूकमळं कशी वाढतात हे लक्षात आणायला सांगितलंय. (भूकमळ म्हणजे नेमकं कोणतं फूल हे मला लहानपणी कुणी सांगू शकलं नाही. मी कमळासारखं काहीतरी जमिनीतून वर येतं असं समजून बांधाबांधाने शोधत हिंडलोय.) चिंता करू नका हे सांगायचं आहे, पण त्याआधी पाहायला लावलं. पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारात साठवत नाहीत, ही शेतकऱ्याच्या नजरेने केलेली नोंद आहे. संस्कृत काव्यात वाढलेल्या टिळकांना कमळ, चकोर, चातक या ठरलेल्या उपमा भरपूर मिळाल्या होत्या. गालीलातल्या त्या गुरूने त्यांना चिमणी, मोहरीचा दाणा, खमीर, हरवलेलं मेंढरू दिलं. ख्रिस्ती होऊन टिळकांना नवा विषय मिळाला असं मला वाटत नाही. त्यांची नजर खाली आली, अंगणात आली.

आणि किंमत? टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ तुम्ही अर्धवट वाचलंय असं लिहिलंत. आधी ते पूर्ण करा, माझं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या माहेरच्या माणसांत होत्या, पदरात लहान मुलगा. पुढची चार-पाच वर्षं दोघं वेगळी. १९००च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला, कुणाच्या दडपणाने नाही. त्या सगळ्या काळाविषयी लिहिताना ही बाई स्वतःवर हसते, नवऱ्यावर हसते, सोवळ्याने पछाडलेल्या आपल्या वडिलांवरही हसते. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, घरात कोण कुठून जेवायला येईल याचा नेम नसे, ते सगळं तिथे आहे. तुम्ही ज्याला शांत, प्रार्थनामय, निसर्गाच्या सान्निध्यातलं लेखकाचं जीवन समजता, ते असं होतं. ‘फुलामुलां’पैकी मुलं घरात खरीच होती, आपली आणि दुसऱ्यांचीही.

त्यात एक मूल म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ला जळगावला पहिलं कविसंमेलन भरलं, त्यात टिळकांचा पुढाकार होता. सतरा वर्षांच्या त्या पोराने तिथे कविता म्हटली आणि अध्यक्ष कीर्तिकरांनी त्याला बालकवी म्हटलं. पुढे हा मुलगा नगरला टिळकांच्या घरी राहिला, लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं वागवलं. टिळकांनी त्याला ख्रिस्ती कविता लिहायला लावली का? बालकवींची कविता काढून बघा. त्यात हिरवे गालिचे आहेत, ऊन-पाऊस आहे, मनातली खोल उदासी आहे. पाळक असलेल्या माणसाने घरातल्या कवीला त्याच्या वाटेने जाऊ दिलं, हे मला टिळकांच्या कित्येक भजनांइतकंच मोठं वाटतं. १९१८ला भादलीजवळ रेल्वेखाली बालकवी गेले. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ला, टिळक गेले.

तुमच्या दुसऱ्या टीकाकारांकडे येतो. ‘हे पुरेसं ख्रिस्ती नाही’ असं म्हणणाऱ्यांकडे. टिळकांनाही ही माणसं भेटली. त्यांच्या आधी आपल्या उपासनेत बरीचशी गाणी इंग्रजी चालींवर मराठी शब्द कोंबून केलेली असायची. आघात भलत्याच अक्षरावर पडायचा. टिळकांनी अभंग आणला, भजन आणलं, ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, शेवटी तुकोबांसारखी नाममुद्रा ठेवली: ‘दास म्हणे’. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. आज ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतांचं पुस्तक उघडलं की पानोपानी टिळक आहेत, म्हणून ते आपल्याला सोवळं वाटतं. त्या काळी टाळ-मृदंग चर्चमध्ये आणणं म्हणजे काय असेल, विचार करा. १९१७ला तर त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही शिष्य. मंडळीतल्या वडिलांना तुम्ही हे सांगा असं म्हणत नाही, वाद वाढेल. स्वतःला सांगा.

आणि ही वाट टिळकांनीही पहिल्यांदा पाडलेली नाही. गोव्यात राशोलला १६१६ साली फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं, अकरा हजारांच्या जवळपास ओव्या. हा माणूस इंग्लंडातून आलेला. १५७९ला गोव्यात उतरला. त्याने मराठीची थोरवी सांगताना ‘जैसी पुस्पांमाजी पुस्प मोगरी’ म्हटलं. विल्टशरच्या माणसाला गुलाब आठवायला हवा होता. त्याने मोगरी लिहिली, कारण तो गोव्यातल्या सालसेतमध्ये राहत होता आणि मोगरी नाकाखाली होती. मला त्या एका शब्दात त्याचा विश्वास जास्त दिसतो. वसईकडे पाहिलंत तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षं संपादक, २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं आणि हरित वसईच्या आंदोलनात विहिरी, बावखलं (तिथली छोटी तळी), केळीच्या वाड्या वाचवण्यासाठी रस्त्यावरही आले. तिथे निसर्ग उपमा म्हणून आलेला नाही, पिण्याचं पाणी म्हणून आलाय. नगरच्या आपल्या कोरड्या मुलखात राहणाऱ्याला हे लवकर कळायला हवं.

आता थोडं माझ्याविषयी, कारण तुम्ही ‘नेमकं काय करू’ असं विचारलंत आणि मला ते चुका करूनच कळलेलं आहे. मी तेवीस वर्षांचा असताना बाभळीवर कविता केली. दुष्काळानंतरचे दिवस होते. बाभळीचे काटे म्हणजे काट्यांचा मुकुट, तिची पांढरी फुलं म्हणजे पुनरुत्थान, असा बेत. वडील पाळक होते, त्यांना वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, ‘बाभळीची फुलं पांढरी असतात?’ मी गप्प. घराच्या मागेच बाभूळ होती. गावठी बाभळीची फुलं पिवळीधमक, बारीक गोंड्यासारखी, ऐन पावसाळ्यात येतात. पांढरे असतात ते काटे, जोडीजोडीने. मी रंगांची अदलाबदल केली होती, कारण पुनरुत्थानाला पांढरं शोभतं. वडील म्हणाले, ‘देवाने पिवळी केलीत, तू कशाला दुरुस्ती करतोस?’ त्यानंतर मी वर्षभर कविता लिहिली नाही. वहीत नुसत्या नोंदी केल्या. कोणत्या महिन्यात कशाला फूल, कशाला शेंग, शेळ्या काय खातात, काय सोडतात. बाभळीच्या शेंगा शेळ्या आवडीने खातात, हे तेव्हा लिहून ठेवलेलं. तेवढ्यावर पुढे एक बरी कविता झाली. त्यात मुकुट नव्हता.

तेव्हा तुम्हीही एक वर्ष नोंदवही ठेवा, रोज दोन-तीन ओळी. उपमा लिहायची नाही, ‘जणू’ आणि ‘जसा’ हे शब्द वहीत बंद. वृत्तं शिका, निदान पृथ्वी, वसंततिलका, ओवी, अभंग. मुक्तछंदच लिहायचा असला तरी शिका, कान तयार होतो. वचन कवितेत आणायचं असेल तर ते म्हणणारं माणूस आधी उभं करा, पक्षिणीसारखं. बाकी कुठे छापायचं वगैरे प्रश्न तुम्ही विचारलेत, त्यांची घाई नाही. मंडळीच्या मासिकाला एक पाठवा आणि तीच एखाद्या सर्वसाधारण मासिकालाही पाठवून बघा. दोन्हीकडे चालली तर समजा जमतंय.

तुमची कडुलिंबाची कविता. पहिली दोन कडवी मला खरोखर आवडली. चैत्रात चर्चच्या पायरीवर कडुलिंबाचा मोहर पडलेला, ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी उपासनेनंतर सगळे त्यावरून चालत बाहेर पडतात, आणि आजी एकटी मागे थांबते, खराट्याऐवजी पदराने तो मोहर गोळा करते. ‘पदराने’ हा शब्द सापडला म्हणजे तुम्ही पाहिलेलं आहे. मोहराचा तो कडवट-गोड वास तुम्ही लिहिला नाही, पण चालेल, ज्याला माहीत आहे त्याला येतो. त्याच दिवसांत शेजारच्या घरात पाडव्याला कडुलिंब आणि गूळ चाखला जातो, तुमच्या आजीच्या लहानपणी तिच्याही तोंडात कुणी घातला असेल. ते कवितेत यावं असं नाही, पण तुम्हाला ठाऊक असावं.

तिसरं कडवं काढून टाका. ‘तसाच प्रभू तुझा मोहर, सांडो माझ्या जीवनी’. ही ओळ तुमची नाही, माझ्या प्रुफांतल्या त्या चाळीस कवितांची आहे. शिवाय तिने आजीला कवितेतून बाहेर ढकललंय. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी आजी पदरात मोहर घेऊन उभी आहे आणि तिसऱ्यात ती गायब. मला ती हवी आहे. पदरातला मोहर तिने कुठे नेला? झाडाच्या बुंध्याशी टाकला, स्मशानभूमीत आजोबांच्या कबरीवर, का घरी नेऊन धान्याच्या कोठीत? तुम्ही तेव्हा लहान होता, विसरला असाल. आजी आहेत असं पत्रात लिहिलंय. या रविवारी विचारा, आणि त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत मला कळवा.